पहिल्या पतीचा दाखला

माणसं मला विचारतात, "ताई, भाषांतरात एवढं काय असतं? इकडचं तिकडे लिहायचं." मी हो म्हणते. वाद घालायचा उत्साह आता उरलेला नाही. पण इतकी वर्षं इकडचं तिकडे करून झाल्यावर एक प्रकरण असं आलं, की इकडे काय होतं आणि तिकडे काय गेलं, हे माझं मलाच कळेनासं झालं. अजूनही कळलेलं नाही. संपादकांनी "तुमच्या कामातलं काहीतरी गमतीदार लिहा" म्हटलं तेव्हा हेच आठवलं. गमतीदार आहे की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावं.

माझं माहेर धारचं, सासर देवासचं. जिल्हा कचेरीत अनुवादक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं. मराठी, हिंदी, वेळ पडली तर माळवी कागद इंग्रजीत करून द्यायचे, खाली 'मूळ कागदाशी ताडून पाहिले' असं लिहायचं, सही करायची, शिक्का मारायचा. पूर्वी जमिनीचे कागद जास्त यायचे. आता येणारी बहुतेक मंडळी व्हिसावाली.

त्यातही नवरा-बायकोचा व्हिसा ही मोठी अजब चीज आहे. दोघं तिकडेच एका घरात राहत असतात. एकाची नोकरी पक्की असते, दुसऱ्याचा शिक्षणाचा परवाना संपत आलेला असतो. मग 'आता मला याची बायको म्हणून राहू द्या' असा अर्ज करायचा. तिथला साहेब म्हणतो, तुम्ही खरोखरचे नवरा-बायको कशावरून? लग्नाचा दाखला त्याला पुरत नाही. दोघांच्या नावाचं भाडेपत्र दाखवा, विजेचं बिल दाखवा, एकमेकांना लिहिलेले निरोप दाखवा. आता एका घरात राहणारी माणसं एकमेकांना निरोप कशाला लिहितील? आपल्याकडे असं कुणी विचारलं तर लोक मारायला उठतील. रोज भांडतात, आणखी काय पुरावा पाहिजे?

माझा एक नियम आहे. कागदावर जे आहे ते सगळं इंग्रजीत गेलं पाहिजे. खोडलेलं असेल तर 'येथे खोडले आहे', चहाचा डाग असेल तर 'येथे डाग आहे'. गाळायचं काही नाही, पदरचं घालायचं नाही. ज्याचा खुलासा हवा असेल तो शेवटी 'अनुवादकाची टीप' म्हणून वेगळा द्यायचा. या टिपांचा मला फार अभिमान होता, आणि त्याला कारण पीपलरावां गावचे एक पटेल.

पटेलांचा मुलगा परदेशात गेला होता. सून काही महिने गावातच होती, मग तीही गेली. तिच्या अर्जासाठी त्या काळातले दोघांचे फोनवरचे निरोप छापून पटेल माझ्याकडे आले. चांगला जाड गठ्ठा होता. मी वाचत गेले. 'जीमी लिया?' 'हां.' 'तमने?' 'हां.' 'भैंस ब्याई गी.' 'अच्छो.' म्हणजे म्हैस व्याली, छान. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'जीमी लिया?', जेवण झालं का? पटेल समोर बसून घाम पुसत होते. म्हणाले, "मैडम, इणमें परेम को तो एक आखर नी हे. साब लोग मानेगा?"

मी तो गठ्ठा अक्षरन् अक्षर इंग्रजीत केला आणि शेवटी टीप लिहिली : 'या भागात पती-पत्नी एकमेकांना जेवण झाले का असे विचारतात, तेव्हा ते फक्त जेवणाबद्दल विचारत नसतात.' सुनेचा व्हिसा झाला. पटेल गुळाची भेली घेऊन आले. पुढे कित्येक दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती टीप ऐकवत होते. आमचे हे कंटाळून आतल्या खोलीत निघून जायचे.

आता मुख्य गोष्ट. गौरी ही माझ्या धारच्या शाळेतल्या मैत्रिणीची, सुधाची, एकुलती एक मुलगी. गौरी चार वर्षांची असताना सुधाचे यजमान वारले. सुधाने तिथल्याच एका हिंदी शाळेत शिवण शिकवून मुलीला वाढवलं आणि शिकायला परदेशी पाठवलं. तिथे गौरीला सौरभ भेटला. तो देवासचा, आमच्याच वस्तीतला. त्याचे वडील कारखान्यात नोकरीला म्हणून महाराष्ट्रातून आले आणि इथलेच झाले. घरी मराठी, बाहेर हिंदी, त्यामुळे सौरभच्या तोंडी दोन्हींची खिचडी. सुट्टी काढून दोघं आली, धारला लग्न झालं आणि चार दिवसांत परत गेली. देशाचं नाव सांगत नाही. तिथल्या साहेबांची यात काही चूक नव्हती, उगाच त्यांना बोल नको.

वर्षभराने गौरीचा शिक्षणाचा परवाना संपायला आला. त्याच्या आत बायको म्हणून परवाना मिळाला नाही तर तिला देश सोडावा लागणार, आणि मग इथून नव्याने अर्ज करून किती दिवस वेगळं राहावं लागेल याचा नेम नाही. दोघांनी अर्ज केला. 'पूर्वी विवाह झाला आहे काय?' या रकान्यात गौरीने लिहिलं, नाही.

साहेबाला एक गोष्ट खटकली. लग्न झालं त्याच्या कितीतरी महिन्यांनी नोंदणी झालेली. चार दिवसांत पळालेल्या मुलांना नोंदणीला वेळ कुठला? पुढच्या सुट्टीत आली तेव्हा त्यांनी ती उरकली होती. पण तिकडून पत्र आलं, ज्याने लग्न लावलं त्याचा काही कागद असेल तर द्या. गौरीने मला फोन केला. मी ऐटीत म्हटलं, "त्यात काय, मी मिळवते."

धारचे गुरुजी चांगले ऐंशीच्या पुढचे. केलेल्या प्रत्येक कार्याची नोंद ते एका लांबट वहीत करतात. मी फोन केला तर त्यांनी स्वतः पानाचा फोटो काढून पाठवला. कोपऱ्यात त्यांचा अंगठाही आला होता. पानावर गौरीच्या नावाच्या दोन नोंदी होत्या. खालची अशी : 'चि. सौरभ व चि. सौ. कां. गौरी, विवाह. स्थळ धार.' आणि तिच्या वर, तीन दिवस आधीची : 'चि. सौ. कां. गौरी, श्रीविष्णूंसह कुंभविवाह. स्थळ अमझेरा. कुंभ विसर्जित.'

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलीच्या पत्रिकेत कडक मंगळ किंवा वैधव्याचा योग असला, तर खऱ्या लग्नाआधी तिचं लग्न पाण्याने भरलेल्या कुंभाशी लावतात. कुंभावर विष्णूची प्रतिमा ठेवायची, अंतरपाट धरायचा, मंगलाष्टकं म्हणायची, सगळं यथासांग. मग कुंभ पाण्यात सोडून द्यायचा. जे वाईट व्हायचं ते कुंभाचं होतं आणि खरा नवरा सुखरूप राहतो. आमच्याकडच्या जुन्या घरांत हे करतात, आणि केल्यावर कुणी अवाक्षर काढत नाही.

ती नोंद वाचून मला जरा रागच आला. सुधाने मला, शाळेपासूनच्या मैत्रिणीला, सांगितलं नाही! पण कागद समोर होता आणि माझा नियमही होता. मी दोन्ही नोंदी इंग्रजीत केल्या. दोन्हीकडे विवाहाला एकच शब्द. कुंभ हा शब्द तसाच ठेवला, विसर्जित म्हणजे पाण्यात बुडवले. अंगठासुद्धा सोडला नाही. इकडे सौरभचे फोनवर फोन, "मावशी, आज ही भेजना है, प्लीज." मी सही-शिक्का करून पाठवून दिलं आणि त्याने न वाचताच साहेबाकडे धाडलं. टीप लिहायची राहिली. म्हशीच्या निरोपांना टीप लिहिणारी मी, नेमकी इथेच विसरले.

आठवड्याभराने दुपारी सौरभचा फोन आला. आवाज पडलेला.

"मावशी, हे अमझेऱ्याचं काय आहे? गौरीचं पहले एक लग्न झालेलं आहे का?"

साहेबाचं पत्र त्याने वाचून दाखवलं. अर्जदार बाईंनी पूर्वी विवाह झाला नसल्याचे लिहिले आहे. परंतु सादर केलेल्या कागदानुसार त्यांचा विवाह तीन दिवस आधी दुसऱ्या गावी श्री. विष्णू यांच्याशी झालेला दिसतो. त्यांची जन्मतारीख, नागरिकत्व व सध्याचा पत्ता कळवावा. घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पहिल्या पतीच्या मृत्यूचा दाखला जोडावा. तसेच विवाहानंतर लगेच पाण्यात बुडवल्याचा जो उल्लेख आहे, त्याचा खुलासा करावा. मुदत तीन आठवडे.

खरं सांगते, मला हसू फुटलं. घटस्फोट तर जवळजवळ अक्षरशः झालेला होता, घट पाण्यातच गेला होता. पण हा विनोद इंग्रजीत जाईना, आणि पलीकडे सौरभ हसत नव्हता. मी त्याला कुंभविवाह समजावून सांगितला. मग मागून गौरीचा रडका आवाज आला, "आईने सांगितलं होतं, सासरी बोलायचं नाही म्हणून."

"सासरी मतलब मलाही नाही?" सौरभ म्हणाला. "मावशी, आप बताओ. मी मरू नये म्हणून केलं ना हे? मग मलाच नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "मी उद्याच धारला जाते." आणि फोन ठेवला. चूक माझी होती. एक टीप लिहिली असती तर साहेबाला कळलं असतं. पण टीप वाचून सौरभलाही कळलंच असतं. म्हणजे माझी चूक नेमकी कुठली, टीप न लिहिण्याची की नोंद न गाळण्याची? डोकं चालेना.

तिथल्या वकीलबाईंनी सौरभला मार्ग सांगितला होता. गुरुजींचं एक पत्र आणि मुलीच्या आईचं शपथपत्र द्या. आईनेच तो विधी करवला, तेव्हा तिने स्वच्छ शब्दांत लिहावं की तो विवाह नव्हता. बाकी कितीही समजावून लिहा, पण ते एक वाक्य हवंच.

एका वाक्याचं काम. मला वाटलं, जाऊन येऊन दोन दिवस. इंदूरला बस बदलून धार गाठलं, तर गुरुजी बागलीला वास्तुशांतीसाठी गेलेले. म्हणून आधी सुधाकडे गेले. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "लग्न नव्हतं, असं लिहायचं?"

"हो."

"मग मंगळ कुठे गेला?"

मला प्रश्नच समजला नाही. ती म्हणाली, "अगं, ते लग्न होतं म्हणून सौरभ दुसरा. ते लग्न नव्हतं असं मीच शपथेवर सांगितलं, तर सौरभ पहिला झाला की नाही? मग जे व्हायचं ते कुणाला होणार?"

"सुधा, तो एका साहेबाला द्यायचा कागद आहे. पत्रिका नाही."

"शपथ कुणाची असते गं? साहेबाची की देवाची?"

मी चिडले. म्हटलं, तू शिकलेली बाई, हे सगळं खरं मानतेस? तिने माझ्याकडे बघितलं. "तुझे यजमान घरी पेपर वाचत बसलेत. तुला काय जातंय न मानायला? माझ्या पत्रिकेत हेच होतं. माझ्या वेळी, काही होत नाही म्हणाले सगळे. गौरीचे बाबा गेले तेव्हा चौतिशीचे होते."

शाळेपासूनची आमची मैत्री, पण हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मला लाज वाटली. त्यानंतर मी वाद घातला नाही. घातला असता तरी कशाच्या जोरावर?

दोन दिवसांनी गुरुजी परतले. मी जाऊन नमस्कार केला आणि सरळच विचारलं, "गुरुजी, ते लग्न होतं की नव्हतं?"

"होतं, बाई. विवाहच तो. अन्यथा फळ कसं मिळावं?"

"मग गौरी आधीच विवाहित होती?"

"छे, छे! ती कुमारिकाच. पुनर्विवाहाचा दोष तिला लागत नाही, असं शास्त्रच आहे."

"म्हणजे लग्न झालं, पण झालं नाही?"

"आता कसं बरोबर बोललात," गुरुजी म्हणाले आणि समाधानाने त्यांनी उपरणं सारखं केलं. त्या खोलीत गोंधळलेली मी एकटीच होते.

गुरुजींनी सुंदर अक्षरात पत्र लिहून दिलं. विधीत दुसरा कुणीही मनुष्य नव्हता, कुंभ मातीचा होता, देवळाच्या कुंडात सोडला, कुणीही बुडालं नाही. मी ते इंग्रजीत करून पाठवलं. या वेळी चांगली पानभर टीप जोडली. वकीलबाईंचा निरोप आला : पत्र छान आहे, पण यात विवाह झाला असंही आहे आणि नाही असंही आहे. आईचं शपथपत्र येऊ द्या.

मुदत सरत चालली. मी देवासला परतले, पुन्हा धारला गेले. सौरभने सुधाला फोन केला. "आई, मला कुछ नाही होणार. आप लिख दो ना." सुधाने फोन माझ्या हातात दिला. तो मला म्हणाला, "मावशी, गौरी बॅग भरायला लागलीये. आमचं बोलणं पण नीट होत नाही आजकल. ती गेली ना, तर मला नाही माहीत पुढे काय होईल." हे मी सुधाला जसंच्या तसं सांगितलं. तो तर माझा धंदाच.

मुदतीला तीन दिवस उरले होते. सकाळी सुधा आंघोळ करून बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली.

"इंग्रजीत लिही," ती म्हणाली. "मला वाचून दाखवू नकोस. काय लिहिलंस ते सांगूही नकोस. सही कुठे करायची तेवढं बोट ठेव."

"सुधा, असं चालत नाही."

"का नाही चालत? मला इंग्रजी कुठे येतं? मुलीच्या कामाचा कागद, मी सही केली. आत काय होतं ते मला ठाऊक नाही. वर गेल्यावर त्याने विचारलं तर मी हेच सांगणार." हे म्हणताना तिने देवघराकडे पाहिलंही नाही.

शपथपत्र देणाऱ्याला इंग्रजी येत नसेल, तर अनुवादकाने ते त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि खाली लिहायचं असतं, 'मजकूर वाचून समजावून सांगितला, तो मान्य आहे.' कचेरीत असताना घाईतल्या माणसांना मी परत पाठवलेलं आहे. न वाचता सही नाही म्हणजे नाही. मोठमोठे वकील माझ्यावर चिडलेले आहेत. त्या दिवशी मी शपथपत्र तयार केलं, वकीलबाईंना हवं होतं ते वाक्य चौथ्या ओळीत घातलं, आणि नोटरीसमोर सुधाच्या पुढे कागद ठेवून बोट टेकवलं. तिने खिडकीबाहेर बघत सही केली. तिच्या सहीखाली मी लिहिलं, वाचून समजावून सांगितला. नोटरीने शिक्का मारला.

परवाना मिळाला. गौरीने भरलेली बॅग रिकामी केली. सौरभचा राग जायला त्याहून जास्त दिवस लागले. गौरी म्हणते, अजूनही कुठली छोटी गोष्ट सांगायची राहिली की तो विचारतो, "आणखी कुठला विष्णू आहे का?" पण आता हसत विचारतो.

मधल्या काळात सुधाने कागदाचा विषय एकदाही काढला नाही. मीही काढला नाही. मग थंडीत एका सकाळी मी मटार सोलत बसले होते, तेव्हा तिचा फोन आला.

"सौरभ बर्फावरून पडला. मनगट मोडलंय."

"अगं, तिकडे सगळेच पडतात. प्लास्टर घातलं ना? जुळून येईल."

ती हळूच म्हणाली, "त्या कागदात तू काय लिहिलं होतंस?"

"तूच म्हणालीस ना, सांगू नकोस म्हणून."

"आता सांग. तुझ्याकडे नक्कल असते ना सगळ्याची? काढ. मला मराठीत वाचून दाखव."

मी उठले. कपाटातून फाईल काढली, चष्मा लावला, कागद समोर धरला. चौथी ओळ मला पाठच होती. मग गेली तीस वर्षं शपथ घेणाऱ्या माणसांना वाचून दाखवते तशी सावकाश, एकेक शब्द सुटा करत, मी वाचायला लागले : "मी, गौरीची आई सुधा, शपथेवर सांगते, की माझ्या मुलीचा कुंभविवाह अमझेऱ्यास यथासांग पार पडला. तो विवाहच होता. त्याचे पूर्ण फळ तिला व तिच्या पतीस मिळाले आहे."

यातलं एकही वाक्य कागदावर नव्हतं.

"एवढंच?" सुधाने विचारलं.

"एवढंच. खाली तुझी सही आहे."

"बरं," ती म्हणाली. "मग हाताचं होईल ठीक."